ट्यूबवर वैष्णवी, फॉर्मवर सुनीता

ब्लड बँकेनं सॅम्पल परत पाठवलं, तेव्हा थिएटरमधल्या बाईचं रक्त थांबत नव्हतं.

दुपारचे दोन वाजले असतील. सोयगावकडची बावीस वर्षांची पोर, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. बाळ ठणठणीत झालं, पण हिची गर्भपिशवी आकसेना. अशा वेळी बघता बघता अंगातलं रक्त निघून जातं.

मी हॉस्पिटलची क्वालिटी मॅनेजर. म्हणजे कोणतं काम कोणी आणि कसं करायचं, याचे नियम लिहिणारी. आधी बारा वर्षं नर्स होते, त्यामुळं माझे नियम पक्के असतात असा मला जरा जास्तच गर्व होता. ट्यूबवरचं आणि फॉर्मवरचं नाव जुळलं नाही, तर सॅम्पल घ्यायचं नाही, हा माझाच नियम. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर माणूस दगावतो, म्हणून.

थिएटर इन्चार्ज शोभा सिस्टरचा फोन आला. मी धावत ब्लड बँकेत गेले, मागोमाग त्याही पोचल्या. टेक्निशियन रफिकभाईंनी ट्यूब आणि फॉर्म माझ्यापुढं ठेवले.

"मॅडम, नाम अलग है. मी कसं देऊ? आपकाच कागद है."

शोभा सिस्टर धापा टाकत होत्या. "एकच बाई हाय ती. रक्त मीच काढलंय. खोडून नीट लिहिते, लई उशीर होतोय."

"खोडायचं नाही," मी म्हणाले. आजही तेच म्हणेन.

झालं होतं असं. दाखल करताना तिच्या आईनं माहेरचं नाव सांगितलं, तेच फॉर्मवर छापून आलं. रक्त काढताना सिस्टरनी नियमाप्रमाणं पेशंटलाच नाव विचारलं. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललेलं, आणि कुठंही तेच सांगायचं असं बजावलेलं. तिनं तेच सांगितलं, सिस्टरनी तेच ट्यूबवर लिहिलं.

आईला बोलावलं. "सुनी आमचीच व्हय. वैष्णवी बी तीच, सासरी तसं म्हणत्यात. तिच्या जिवाचं बघा बाई, नावाचं काय घेऊन बसलात!"

यात आठ-दहा मिनिटं गेली. शोभा सिस्टर भडकल्या. "मॅडम, तुमच्या कागदावर 'सॅम्पल परत पाठवा' इतकंच हाय. बाई मरायला टेकली तर काय करायचं, ते कुठं हाय?"

कुठंच नव्हतं.

ओ निगेटिव्ह रक्त अडचणीत बहुतेक कुणालाही चालतं. तशा दोन पिशव्या राखून ठेवलेल्या होत्या. पण त्या सोडायला डॉक्टरांची सही हवी, आणि डॉक्टरबाईंचे दोन्ही हात गर्भपिशवी दाबून धरण्यात अडकलेले. आम्ही दोघी थिएटरकडं पळालो, मी दारातूनच ओरडून विचारलं.

"द्या! माझ्या नावावर लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून मी आणि शोभा सिस्टरनी सह्या केल्या. रफिकभाईंनी कागद वाचला आणि स्वतःच पिशव्या घेऊन पळत सुटले. दाखल करताना तिच्या मनगटावर बांधलेल्या पट्टीवरचा नंबर टाकून नवं सॅम्पलही गेलं.

जीव वाचला. गर्भपिशवी काढावी लागली. डॉक्टर म्हणाल्या, कदाचित तशीही काढावी लागली असती. त्या 'कदाचित'नं माझी बरेच दिवस झोप उडवली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये संचालक म्हणाले, "सिस्टरना मेमो द्या."

"त्यांनी माझा नियम पाळलाय, सर. द्यायचाच तर मला द्या."

मेमो कुणालाच गेला नाही. नियम बदलला. आता नावाबरोबर पट्टीवरचा नंबर जुळवतात. जीव धोक्यात असेल तर डॉक्टरांची तोंडी ऑर्डर आणि दोन सह्या पुरतात.

मग मी वॉर्डात गेले. नवरा बजाजनगरहून कंपनीच्या कपड्यांतच आलेला, बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. सुनीतानं हळूच विचारलं, "मॅडम, म्या नाव चुकीचं सांगितलं म्हणून झालं का हे?"

"नाही गं. तू बरोबर सांगितलंस. चूक माझ्या कागदाची."

तिला ते पटलेलं दिसलं नाही. ती बाळाकडं बघत राहिली.

तेव्हापासून नियमात कुठं 'नाही' लिहिलं, की 'मग काय करायचं' हे पुढच्याच ओळीत लिहिल्याशिवाय मी सही करत नाही.