उलट्या बाजूची चमकी

कंपोजमामा समोरच्याच्या हातातला पेपर उलटीकडून वाचत. नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात मी चहा मागवून पेपर उघडला, की पलीकडच्या बाकावरून ते माझ्याआधी पान संपवत आणि म्हणत, "पलटा आता, साहेब." आधी मला राग यायचा. मग एकदा शहाणपणा म्हणून मी पेपर त्यांच्याकडे सुलटा धरला, तर म्हणाले, "तसा नका धरू. सवय न्हाई."

त्यांचा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात, म्हणजे कंपोज करण्यात गेला होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, गावोगावच्या जत्रांची पत्रकं. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची, आणि तीही आरशात दिसावी तशी. "कागदावर सुलटं उमटायला हातात उलटं लागतंय," हे त्यांचं आवडतं वाक्य. चहा सांडला तरी त्यांना ते आठवायचं. कॉम्प्युटर आले, छापखाना बंद झाला, तेव्हा मामांनी खिळ्यांची एक रिकामी केस, म्हणजे बारीक खणांची लाकडी पेटी, घरी आणून ठेवली. मामी त्यात मोहरी-जिरं ठेवायला निघाल्या होत्या, तर दोन दिवस अबोला झाला म्हणे.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो. माझी बायको मुलीच्या ट्यूशनपायी लातूरला, मी नोकरीपायी नांदेडला. शनिवारी एसटीने जायचं, सोमवारी परत. मामी होत्या तोवर खालून फोडणीचा वास तरी वर यायचा. त्या गेल्या आणि घर एकदम गप्प झालं. मी जिना चढताना मामा आतून विचारायचे, "आलात का, साहेब?" माझ्या चपला त्यांना ऐकू आलेल्याच असायच्या. तरी मी थांबून "हो, आलो" म्हणायचो, कारण दिवसभरात त्यांच्याशी तेवढंच कुणी बोललेलं असायचं.

भिंतीवर मामींचा फोटो नव्हता. फोटो काढला, की त्या हातात घेऊन म्हणत, "ही कोण बाई हाय? मी न्हाई ही." त्यामुळे त्या गेल्यावर मामांना कुठलाच लावावासा वाटेना. "तिनं ‘हाव, ही मीच’ म्हटलं नसतं," म्हणायचे. "तिनं हाव म्हणावं असा एक पाहिजे."

दिवाळीला मुलगा यायचा होता. त्याच्याऐवजी परदेशातून खोकं आलं. त्याने आपल्या लग्नातला आईचा एक फोटो कुठल्या कंपनीला दिला होता आणि त्यांनी त्या फोटोच्या नखाएवढ्या प्लास्टिकच्या विटा करून पाठवल्या होत्या. काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगाच्या नाना छटा. सोबत एक पाटी आणि छापील पुस्तिका. पुस्तिकेत पानभर चौकटी, चौकटीत आकडे. ज्या आकड्याचा रंग, ती वीट तिथे दाबायची. मामांनी केस उतरवली, पुसली आणि खणाखणांत रंग वेगळे केले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

रोज थोड्याच ओळी लावत. "मामा, उरका की," मी चिडवायचो. ते म्हणायचे, "उरकल्यावर काय करू? आता दिवसभर तिच्यासंगं बसून राहिलो ना." एका रविवारी, मी लातूरला गेलो नव्हतो, त्यांनी खालून हाक मारली. पाटी पूर्ण झाली होती. चार पावलं मागे गेलो आणि विटांमधून मामी एकदम दिसल्या.

मामांनी मला मुलाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. त्याने पडद्याजवळ वाकून पाहिलं. "बाबा, आईच्या नाकातली चमकी त्या बाजूला कशी? सगळं उलटं लावलंत तुम्ही! काढून परत लावा."

खरंच होतं. पुस्तिका समोर ठेवून मामांच्या हातांनी जन्मभराचं काम केलं होतं. प्रत्येक ओळ उजवीकडून, प्रत्येक पान आरशातलं. फोन बंद झाल्यावर त्यांनी पुस्तिका मिटली. "आता हे सुलटं छापणार कोण?" एवढंच बोलले. मग त्यांनी खिळे उपसायचा जुना चिमटा हातात घेतला आणि चमकीची पांढरी वीट उपसायला वाकले.

वाकले, आणि तसेच थांबले. उठून मामींचा आरसा आणला. त्याच्या कडेला अजून टिकल्या चिकटलेल्या होत्या. तो पाटीसमोर धरला, आरशात पाहिलं, पाटीकडे पाहिलं, परत आरशात.

"साहेब, आता आरशात दिसती ती फोटोतली बाई हाय," ते सावकाश म्हणाले. "तिला न आवडणारी. अन् पाटीवर खरी ती हाय. कुंकू लावताना तिला आरशात दिसायची ती. तिचा हात वर होईना झाला तवापासून रोज मीच मागं उभा राहून तिची वेणी घालायचो. मला बी आरशात हीच दिसायची."

चिमटा त्यांनी केसमध्ये ठेवला. मग पाटीवर मामींच्या खांद्यामागच्या करड्या विटांवर बोट ठेवून म्हणाले, "इथं मी असायचो. पुस्तकात न्हाई घेतलं मला."

धूळ बसू नये म्हणून त्यांनी पाटीला काच बसवून घेतली. येणारा-जाणारा चमकीची चूक काढायचा. मामा नुसते हसायचे. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मुलगा आला, घर आवरलं. विमानात एवढं वजन कुठे नेणार, आणि नाहीतरी ते उलटंच झालंय, असं म्हणून त्याने पाटी माझ्या हातात दिली.

ती माझ्या खोलीत आहे. आता जिना चढताना कुणी विचारत नाही. संध्याकाळी आल्यावर मी पाटीसमोर उभा राहतो, तेव्हा काचेत माझाच चेहरा उमटतो, नेमका मामींच्या खांद्यामागे. मी बाजूला सरकतो.