कामट्या सुटल्यावर
आंबेहळद उगाळली की सासरची चाकणची कांद्याची वखार आठवते. बावन्न-त्रेपन्न साल असेल. माळ्यावरून पडून माझा पाय मोडला. हाडवैद्यानं आंबेहळदीचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बजावलं, "अजिबात हलायचं न्हाई." दार ओढून सगळी शेतावर जायची आणि मी दोन महिने वखारीतल्या बाजेवर लाकडासारखी पडून. कामट्या सुटल्या, तरी मान, पाठ, डोकं ठणकतच राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "हाड जुळलं, मग डोकं कशापायी दुखतंय?" शेवटी हाडवैद्यानं माझे आवळलेले खांदे चाचपले. "पोरी, मोडला पाय, पर तू समदं अंग धरून ठिवलंस. त्यानंच दुखतंय. आता हल की." तोवर मला ‘हल’ असं कुणी सांगितलंच नव्हतं. आता घरात अडवणारं कुणी उरलेलं नाही, तरी आंबेहळदीच्या वासानं खांदे आवळतात आणि उठण्याआधी मी परवानगीची वाट बघते.