मधूनच उघडलेलं पान

मुलीच्या मानेवरच्या गाठीचा नमुना तपासायला दिला, त्या दिवसापासून माझ्या उजव्या हाताचं एक बोट वळवळतं आहे. हा माझा जुना रोग. डॉक्टरांच्या कामाचा नाही, म्हणून कुणाला सांगितलेला नाही.

मी भुईगावात सून म्हणून आले तेव्हा आहेरात एक बायबल मिळालं होतं. त्या काळी आमच्याकडे बायबल असायचं ते आल्तारावर, म्हणजे घरातल्या वेदीवर, दोन मेणबत्त्यांच्या मध्ये, क्रोशाच्या रुमालावर. त्याला मोगऱ्याचा गजरा घालायचा, सणाला पुसून ठेवायचं. वाचायचं फादरांनी, ऐकायचं आपण. पण मी पडले शिकलेली सून. मला वाचता येतं हे आळीला कळल्याशिवाय मला झोप कशी लागणार? मग मी माझी एक पद्धत काढली. डोळे मिटायचे, मोठ्यानं उसासा टाकायचा, पुस्तक मधूनच कुठंतरी उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते आजचं फर्मान.

पोटुशी होते तेव्हा बोट पडलं एका वंशावळीवर. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, सगळे मुलगेच. मी निम्म्या आळीला सांगून आले की मला मुलगा होणार, देवानं कळवलंय. सासूनं निळ्या लोकरीचं टोपडं विणायला घेतलं. झाली मुलगी. तीच ही, गाठवाली. ते निळं टोपडं तिनं दोन वर्षं घातलं आणि मी विषय काढला नाही.

एवढ्यावर शहाणी होईन तर मी कसली? नवरा तेव्हा मालवाहू जहाजावर होता. एकदा बरेच दिवस त्याचं पत्र आलं नाही. मी बोट ठेवलं, तर खाली वादळ. जहाज भरकटलेलं, सूर्य नाही, तारे नाहीत, आणि आता आपण काही वाचत नाही असं सगळ्यांना वाटू लागलेलं. मी पुस्तक फाडकन मिटलं आणि अंगणात जाऊन भोकाड पसरलं.

सासू अंगणात सुकेळी वाळवत होती. सोललेली राजेळी केळी कारवीच्या मांडवावर घातलेली, त्यांच्या कुशी बदलत होती. तिनं काम न थांबवता विचारलं, "काय झालं गो?"

"पुस्तकात आलंय. जहाज बुडतंय."

"मग? मानसं मेली का?"

"तेवढंच वाचलं मी."

"फुडं वाच की मग. अर्धी गोष्ट सांगून रडतंय कोन."

तिला माझ्या नवऱ्याची, म्हणजे तिच्याच मुलाची, काळजी नव्हती असं नाही. पण गोष्ट अर्धी सोडलेली तिला खपत नसे. मी हुंदके देत पुढे वाचलं. जहाज फुटलं, पण माणसं कुणी पोहत, कुणी फळ्या धरून, सगळीच्या सगळी किनाऱ्याला लागली.

"आनि रडतेस कशाला?" सासू म्हणाली. "जहाज काय तुझ्या बापाचं हाय?"

पत्र नंतर आलं. नवराही आला, एक रेडिओ घेऊन. मी मेणबत्त्यांचे नवस बोलून बसले होते, ते फेडता फेडता मेटाकुटीला आले.

तेव्हापासून मी नीट वाचायला शिकले. भक्तीनं नव्हे, पुन्हा हसं होऊ नये म्हणून. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत जमवलं. प्रकरण पहिल्या ओळीपासून धरायचं. मोठ्यानं वाचायचं, कारण मनात वाचलं की डोळे अवघड जागा हळूच ओलांडून जातात. कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, ऐकायला आणखी कोण उभं आहे, हे बघायचं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दाखाली पेन्सिल ओढायची. पानाच्या तळाशी बारीक आकडे असतात, ते दुसरीकडचा पत्ता सांगतात. एका वेळी एकाच पत्त्यावर जायचं, नाहीतर दिवसभर घरोघर हिंडणाऱ्या बाईसारखं होतं. आणि शेवटी पुस्तक मिटून ती गोष्ट आमच्या घरच्या बोलीत नवऱ्याला सांगायची. जिथं जीभ अडखळते तिथं मला कळलेलं नसतं. परत उघडायचं.

नवरा आता जहाज सोडून केळी लावतो. बागेतून येतो, हातपाय धुतो आणि विचारतो, "आज कोण बरं झालं?"

या आठवड्यात मी एका बापाची गोष्ट घेतली होती. त्याची मुलगी मरायला टेकलेली, तो प्रभूच्या पाया पडतो, प्रभू त्याच्याबरोबर निघतो. ही गोष्ट मुद्दाम घेतली असं मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यानं विचारलंही नाही.

आज सकाळी मुलगी डॉक्टरांकडे गेली. मी येते म्हणाले तर म्हणाली, "नको. तू आलीस की डॉक्टरच घाबरतात." मी बायबल उघडून टेबलाशी बसले. बाराच्या सुमारास फोन आला.

"आई, डॉक्टर म्हणतात परत यावं लागेल..."

आणि फोन गेला. मी लावला, लागेना. परत लावला, ती बाई गोड आवाजात नेटवर्कबद्दल काहीतरी सांगत होती. तिला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

परत यावं लागेल. कशाला? गाठ कापायला? आणखी मोठ्या डॉक्टरकडे? पाच मिनिटांत मी मुंबईचं मोठं इस्पितळ गाठलं होतं, तिचे केस गेलेले पाहिले होते, माझ्या नातीच्या शाळेचा डबा कोण करणार इथवर पोहोचले होते. बोट पुस्तकाकडे निघालं. डोळे आपोआप मिटलेसुद्धा. एकदाच, मी म्हटलं, फक्त एकदा, काय ते कळू दे.

मग सुकेळीच्या मांडवाजवळून आवाज आला. आला म्हणजे काय, मीच तो काढला. फुडं वाच की.

पुढे वाचायला फोन तर लागत नव्हता. म्हणून समोरचं वाचलं. बाप प्रभूला घेऊन घराकडे निघालाय आणि वाटेत एक आजारी बाई मागून झग्याला हात लावते. प्रभू थांबतो. कोण शिवलं मला, विचारतो. ती बाई थरथरत पुढे येते आणि आपली सगळी, सगळी हकीकत सांगते. इतकी वर्षं मी त्या बाईकडेच बघत आले होते. आज पहिल्यांदा विचारलं, हा बाप त्या वेळी कुठं आहे? तो तिथंच उभा आहे. मुलगी घरी शेवटचे श्वास घेतेय आणि ही बाई बारा वर्षांचं दुखणं पहिल्यापासून सांगतेय. तो काय बोलला, ते लिहिलेलं नाही. मी दोनदा शोधलं. एक शब्द नाही.

मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. आणखी काही करता येण्यासारखं नव्हतं. बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण पाय तरी कुठं ठेवायचे ते कळलं. पेन्सिल हातात होती, तर बारा या शब्दाखाली रेघ ओढली. खाली त्या बापाच्या मुलीचं वयही बारा निघालं. तिचा जन्म झाला त्याच वर्षी ती बाई आजारी पडली होती की. हे इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

दाराशी रिक्षा वाजली. मुलगी आत आली, चपला काढता काढता म्हणाली, "फोनची बॅटरी गेली गं."

"बस," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"सांगितलं ना, परत..."

"त्याच्या आधी काय म्हणाले?"

"आधी नाव विचारलं."

"मग?"

"आई, मी काय बायबल आहे का?"

"सांग म्हणते ना."

तिनं सांगितलं. गाठ वाईट नाही. आत पाणी आहे. पण भरतेय, म्हणून सहा महिन्यांनी परत बघायचं. तेव्हा वाढलेली असली तर पुढचं बोलू.

"म्हणजे आता बरी आहेस की नाही?"

"आता बरी आहे. पुढचं पुढं."

"आणि तोवर काय करायचं?"

"काही नाही, आई. थांबायचं."

सहा महिने. मला वाटलं होतं आज एक काय ते होऊन जाईल. टेबलावर पुस्तक उघडंच होतं. त्या प्रकरणाची शेवटची ओळ मला पाठ आहे. त्या बापाची मेलेली मुलगी उठून बसते, सगळे थक्क होतात आणि प्रभू म्हणतो, तिला काहीतरी खायला द्या. तरुणपणी मला ही ओळ फार साधी वाटायची, बोट तिच्यावर पडलं तर मी परत ठेवत असे.

"सकाळपासून काही खाल्लंस?" मी विचारलं.

"कुठं. भूकच नव्हती."

मी उठले, बांगड्याचं कालवण गरम करायला ठेवलं. बोट अजून वळवळत होतं. त्याला डावाच्या दांड्याला गुंतवलं आणि कालवण खालपर्यंत नीट ढवळत राहिले.