शिलाई घरची

आमच्या ह्यांना सगळा बाजार 'एकभाव' म्हणतो. हाक मारतानाही तेच नाव. आणि ते ऐकून ह्यांची छाती फुगते. मला विचाराल तर त्या नावाने माझी तेवीस वर्षं खाल्ली. पण मला विचारतंय कोण?

ह्यांचा धंदा जुने सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा नव्यासारख्या करून देण्याचा. पुढे दुकान, मागे आमच्या दोन खोल्या, मध्ये पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे माझं शिलाईचं मशीन. दुकानाची सगळी कव्हरं त्यावर मीच शिवते. गिऱ्हाईक आलं की हे सोफ्याभोवती एक फेरी मारतात, बसून एकदा उसळी घेऊन बघतात, पाठीवर दोन थापा मारतात, डोळे मिटतात आणि आकडा सांगतात. मग सोफा उलटा करून लाकडावर पेन्सिलीने तो आकडा लिहितात. लिहिला की संपलं. आत स्प्रिंगा गंजलेल्या निघोत की लाकडाला वाळवी लागलेली असो, भाव तोच. एकदा तर एका सोफ्याच्या पोटात उंदरीण बाळंत झालेली निघाली. अख्खं कापड, भुसा, पट्टे, सगळं कुरतडून ठेवलेलं. नवी चौकट ठोकावी लागली, पण ह्यांनी वर एक पैसा घेतला नाही. ते गिऱ्हाईक आजही चारचौघांत ह्यांचं कौतुक करतं. कौतुकाची पोळी करून खाता आली असती तर आम्ही केव्हाच श्रीमंत झालो असतो.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल नवऱ्याची उणीदुणी काढायला बसली. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही. कारागिराचा पगार शनिवारी दुपारी हातात, एक दिवस पुढे-मागे नाही. त्याची बायको आजारी पडली तेव्हा ह्यांनी त्याला पंधरा दिवसांची भरपगारी रजा दिली, आणि त्याचं काम मी केलं. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण पडला नाही, मीही अशीच.

गेल्या दोन वर्षांत बाजाराचं काही खरं राहिलं नाही. पूर्वी फोमवाला वर्षातून एकदा भाव वाढवायचा आणि वाढवताना दोन वेळा माफी मागायचा. आता दर सोमवारी फोनवर त्याचा नवा भाव येतो, खाली हात जोडल्याचं चित्र. रेक्झीन महाग, दोरा महाग, गोंदाचा डबा तेवढाच पण आतला गोंद कमी. आमच्या ओळीतली दोन दुकानं बंद पडली, तिसऱ्याने अर्धं दुकान मोबाइलच्या कव्हरवाल्याला दिलं. लोक नवा सोफा घ्यायचे थांबले, म्हणून आमच्याकडे कामं उलट वाढली. बघणाऱ्याला वाटायचं, ह्यांचं बरं चाललंय. काम वाढलं होतं हे खरं, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नव्हतं, आणि ते का उरत नाही हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलं. नवा मोठा दवाखाना, बाहेर बसायच्या खोलीतल्या बत्तीस खुर्च्या आणि सहा बाक. ह्यांनी फेरी मारली, डोळे मिटले आणि आकडा सांगितला. बाईंनी त्यावर कोटेशन लिहून मागितलं, तेही दिलं. मग दवाखान्याची रंगरंगोटी लांबली आणि काम दोन महिन्यांनी सुरू करायचं ठरलं. त्या दोन महिन्यांत फोम दोनदा चढला.

"अहो, बाईंना नुसतं सांगून तरी बघा," मी म्हटलं.

"अगं, शब्द दिलाय."

"फोमवाल्याने दिलाय का तुम्हाला शब्द?"

ह्यावर हे नेहमीसारखे हसले आणि पेन्सिल शोधायला लागले. पेन्सिल कानावर नाही तर काय बगलेत असणार होती, पण अडचणीचा प्रश्न आला की ह्यांना ती सापडत नाही.

आमची लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेचं शिक्षण घेते. पहिलं वर्ष झालं, दुसऱ्या वर्षाची फी पंधरा तारखेच्या आत भरायची होती. नाही भरली तर नाव कमी. ती फी मी साठवली होती. शेजारणींचे पडदे शिवून, उशांची कव्हरं शिवून, दुपारच्या झोपेच्या वेळात. चेनांच्या जुन्या डब्यात, चेनांच्या खाली. नऊ तारखेला डबा उघडला तर आत नुसत्या चेना.

मी पडदा बाजूला करून दुकानात गेले. फोमचे नवे गठ्ठे छतापर्यंत लागले होते.

"डब्यातले पैसे कुठे आहेत?"

"फोमला दिले. उधारीवर द्यायला तयार नव्हता तो. बाईंचे पैसे आले की ठेवतो परत."

"बाईंचे पैसे काम झाल्यावर. काम कधी होणार?"

"वीस तारखेपर्यंत होईल की."

"आणि फी पंधराला आहे!"

"अगं, मी बोलेन कॉलेजात. आणि इतकं काय? दुकानाचं आणि घरचं काय वेगवेगळं आहे का आपलं?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शनिवारी कारागिराचे पैसे वेगळे असतात, टेंपोवाल्याचे वेगळे असतात, फोमवाल्याचे तर सगळ्यांत आधी. माझ्या डब्याची वेळ आली की सगळं एक! मी म्हटलं, "काढा ते कोटेशन. बघू दे, कशात काय धरलंय."

त्यांनी काढलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांचा हिशेब वाचला, यात चूक माझीही आहे. फोम. रेक्झीन. दोरा, खिळे, गोंद. टेंपो. कारागिराची मजुरी. ह्यांची स्वतःची मजुरी, हो, ती होती, रीतसर. बाईंना दिलेल्याची प्रत, कॅलेंडरच्या पाठीवर सुंदर अक्षरात लिहिलेली. मी वरून खाली वाचलं, मग खालून वर.

"शिलाई कुठाय?"

"शिलाई काय धरायची? ती घरची."

कारागीर पट्टे ठोकत होता, त्याने हात थांबवले. मी आत गेले, मशीनवर अर्धवट शिवलेली कव्हरं होती ती गोळा केली, न शिवलेल्यांवर ठेवली आणि सगळं गाठोडं बांधून ह्यांच्यापुढे टाकलं.

"घरची शिलाई संपली. आता बाजारची बघा."

ह्यांना वाटलं, तासाभरात उतरेल. माझा राग तासाभरात उतरतो हा ह्यांचा तेवीस वर्षांचा अनुभव. मी दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, जेवायला वाढलं, बोलले नाही, मशीनला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाठोडं खांद्यावर टाकून मागच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेले. अर्ध्या तासात तसेच परत आले. चेहरा असा की कुणी भर रस्त्यात कानफटात मारली असावी.

शिंप्याने म्हणे रेक्झीन बघूनच हात झटकले. जाड सुई लागते, सुया तुटतात, बोटं सोलतात, कडेला पायपिंगची गोल पट्टी लावायची तर वेगळे पैसे. तरी भाव सांगितला होता. ह्यांनी तो कोटेशनच्या खाली लिहिला, बत्तीसने गुणला, बाकांचे मिळवले. शिलाई धरली तर ह्यांची मजुरी सगळी जात होती, आणि वर पदरचे घालावे लागत होते. त्यांनी खणातून मागच्या मोठ्या कामांची कोटेशनं काढली. एकात शिलाई मिळवून बघितली. दुसऱ्यात बघितली. अशी पाच झाली. सहावं बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

मला कळायला तेवढं पुरे होतं. दुकान कधी चाललंच नव्हतं. एकभावाचा तो एक भाव फोम वाढला, गोंद वाढला तरी जागचा हलला नव्हता, कारण सगळी वाढ माझ्यात मुरत होती. बाजार ह्यांना हात जोडत होता, आणि बिल मी भरत होते.

"चला," मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंकडे."

हे आले. मुकाट्याने आले, हेच नवल. बाईंनी आम्हाला बसवलं, नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तीन ठिकाणची कोटेशनं घेतली होती. तुमचं सगळ्यांत कमी होतं. माल हलका वापरत असाल अशी मला शंका होती, पण चौकशी केली तर लोक म्हणाले, माल चोख असतो. म्हणून तर काम दिलं."

"माल चोखच असतो," मी म्हटलं. "फक्त शिवणारीला कुणी पैसे देत नाही."

बाई जराशा हसल्या. दात पांढरेशुभ्र. "ताई, तुमचं म्हणणं पटतंय मला. पण हा तुमचा घरचा प्रश्न झाला. मी ठरलेल्यापेक्षा जास्त कशी देऊ?"

मला वाटलं, ह्यांना आता सुटल्यासारखं होईल. शब्दही राहिला आणि बाईही नाही म्हणाल्या. मी उठले होते. पण हे बसून राहिले. खाली बघत म्हणाले, "घरचा नाही, डॉक्टर. दुकानाचा आहे. चूक माझी आहे. ठरलेल्या भावातच करतो. पण निम्मे पैसे आज द्या. शिवणारीचे आधी द्यायचेत, त्याशिवाय मशीन चालू होणार नाही."

बाईंनी दिले. घरी येऊन ह्यांनी कोटेशनवरच्या स्वतःच्या मजुरीवर आडवी रेघ मारली, तिथे शिलाई लिहिलं, आणि नोटा माझ्या हातात ठेवल्या. मी त्या मोजल्या. होय, नवऱ्यासमोर मोजल्या. फी पंधराच्या दोन दिवस आधी भरली. लेकीला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "आई, बाबांनी बरोबर वेळेवर दिले गं पैसे," तेव्हा मात्र मी दातओठ खाल्ले.

खुर्च्या झाल्या, बाक झाले, वीस तारखेला टेंपो गेला. मागे राहिलेल्या रिकाम्या दुकानात दुसऱ्याच दिवशी एक जुनं गिऱ्हाईक आलं. तेच ते, उंदरीण बाळंत झालेल्या सोफ्याचं. या वेळी दोन आरामखुर्च्या घेऊन. ह्यांनी फेरी मारली, थापा मारल्या, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मी पडद्याआड हातातलं बॉबिन धरून उभी. आकडा आला. शिलाईसकट आला. मंदीच्या दिवसांत घरी आलेलं काम घालवणं म्हणजे काय, ते मलाही कळतं.

"काय हो एकभाव," तो माणूस म्हणाला, "तुम्हीसुद्धा भाव वाढवायला लागलात?"

"नाही वाढवला," हे म्हणाले. "कामाचा खरा भाव पहिल्यापासून हाच होता. तुम्ही थोडे द्यायचा, उरलेले तेवीस वर्षं ही भरत होती."

तो विचार करून सांगतो म्हणाला आणि खुर्च्या गाडीत घालून निघून गेला. हे दारातच उभे राहिले, पाठमोरे. मला आनंद झाला असं तुम्हाला वाटेल. मला भयंकर राग आला. जे वाक्य ह्यांना इतकं सरळ, इतकं पटकन बोलता आलं, ते बोलायला ह्यांना तेवीस वर्षं लागली, आणि तेही परक्या माणसापुढे. मी मशीनवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले. पडदा उघडा होता, कारागीर बघत होता, रस्ता बघत होता. बघू देत.