मे-खांबाची डावी बाजू

"क्रेन बोलावू या, वहिनी. खांब उभा राहिल्याशी मतलब."

"क्रेननं उभा करायला ती काय पाण्याची टाकी आहे?"

"मग डावीकडून कोण रेटणार? तू?"

"कर्टिसनं अजून नाही म्हटलेलं नाही."

"त्याला कोण विचारतंय! वरून हुकूम आला की संपलं."

हेडविग श्राम्ल दिराकडे, आलोईसकडे, न बघता ग्लास पुसत राहिली. बव्हेरियातल्या या गावात मेच्या पहिल्या तारखेला सोललेल्या झाडाचा उंच खांब माणसांनीच उभा करायचा, दोन-दोन काठ्या कैचीसारख्या बांधून त्यांनी रेटत, तसूतसूनं. गावची पोरं उजवीकडे, पलीकडच्या छावणीतले अमेरिकन शिपाई डावीकडे. कधीपासून, ते कुणी विचारत नाही. दोन्ही बाजूंना पुरतील एवढी तरणी पोरं गावात आता उरलीत कुठे? आणि क्रेन आणायची तर वाट हेडविगच्या खानावळीच्या अंगणातूनच. फाटकाची किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती या शिपायांना वाढत आली होती. वॉशिंग्टनमधला माणूस बदलला की तिला ते पेपरात नाही, पातेल्यात कळायचं. एकानं लढाई काढली, मटण उरलं. दुसऱ्यानं माणसं परत आणली, बाक कमी पडले. नवरा गेला तेव्हा याच पोरांनी बिअरची पिंपं वाहिली. आता तिकडचा नवा म्हणतो, आपली माणसं घरी आणा. बर्लिनचा नवा म्हणतो, आपलं आपण बघू. तिनं दोघांचंही ऐकलं, हवामान ऐकावं तसं.

दार ढकलून कर्टिस आत आला. सार्जंट, तिच्या माडीवरचा भाडेकरू.

"मावशी, नाही जमत. हुकूम आला. गावच्या कुठल्याच कार्यक्रमाला जायचं नाही. साध्या कपड्यांतही नाही."

"आणि तू? इथंच ना?"

"पानगळीच्या आत आमची सगळी तुकडीच परत."

"सूप घेशील?"

"घेईन."

तिनं वाढलं. रडू येईल म्हणून जरा थांबली, आलं नाही.

आलोईसचा आवाज उतरला. "वहिनी, खांब आडवाच राहिला तर शेजारचं गाव वर्षभर दात काढेल. कर्टिस, तूच सांग हिला."

"क्रेन आणा, मावशी," सुपात बघत कर्टिस म्हणाला.

"तुझी बाजू क्रेनला देऊ?"

"द्या."

आलोईसनं हात पुढे केला. "किल्ली देतेस ना?"

हेडविगनं एप्रन सोडला, किल्लीसकट खुर्चीवर टाकला आणि मागच्या दारानं निघून गेली.