वाडी नंतर सांगते

“नवरा मुंबईला. मग गोळ्या कुणासाठी गं?”

डॉक्टरबाईंनी हे विचारताना मानसुद्धा वर केली नाही. रत्नागिरीतला मोठा दवाखाना. बाकांवर बायकाच बायका. माझ्या मांडीवर दीड महिन्याची संघमित्रा, पदराखाली चुटूचुटू दूध ओढणारी. मी एवढंच विचारलं होतं की अंगावर पाजणाऱ्या बाईला चालेल अशी गोळी असते का, दुसरं मूल जरा लांबवायचंय. त्याआधी बाईंनी गाव विचारलं होतं. देवरूखच्या पुढचं, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “वाडी कुठली?”

हा प्रश्न आमच्याकडे साधा नसतो. आडनावावरून कोकणात पत्ता लागत नाही, जाधव सगळ्यांत असतात. वाडी सांगितली की सगळं सांगितलं. बौद्धवाडी, मी म्हटलं. तिथून पुढे मी ‘तुम्ही’ची ‘तू’ झाले. आणि मग तो प्रश्न आला.

मागच्या बाकावरची एक फिसकन हसली. मग तिच्या शेजारची. मग नर्स. मग खुद्द डॉक्टरबाई. मग सगळा बाक हलायला लागला.

मीही हसले. काय करणार? मांडीवर पोर, पदर अर्धा खाली, चारचौघांत माझ्या चारित्र्याची चौकशी. हसल्याशिवाय तिथून उठता आलं नसतं.

“दूध पाजतेस ना?” बाई म्हणाल्या. “मग काही होत नाही. जा. कोण गं पुढची?”

गेले.

आता माझी ओळख सांगायला हवी. आमच्या खटल्यात गोष्टी सांगणारी बाई म्हणजे मी. लग्न असो, बारसं असो, जयंतीचं जेवण असो, पंगत उठली की पोरं गोळा होतात, “काकी, सांग ना.” मी चिखलात पडले ती गोष्ट, रेडकू मागे लागलं ती गोष्ट. सगळ्या गोष्टींत वेडी मीच. आणि त्यात सगळ्यात गाजलेली, डॉक्टरणीची. “मग गोळ्या कुणासाठी गं?” हे मी असं नाकात बोलून दाखवायचे की बाया पोट धरून लोळायच्या. कितीतरी वर्षं मी माझाच अपमान वाढून लोकांना जेवू घातला. चवीने खाल्ला सगळ्यांनी. मीही.

त्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र मी कधी सांगितला नाही. तो असा.

आमच्या वाडीतले पुरुष कॅलेंडर बघून घरी येतात. एप्रिलात जयंतीला, ते मे महिना धरून राहतात. मग गणपतीच्या सुट्टीत. आमच्या घरात गणपती नाही, पण सुट्टीला कुठला धर्म? कारखाना बंद म्हणजे माणूस गावी. त्यामुळे वाडीतली निम्मी पोरं जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली. आमची संघमित्राही त्यातलीच.

आणि आमच्या बायकांची गोळ्या घ्यायची पद्धतही त्याच कॅलेंडरची. माणूस एसटीतून उतरला की गोळी सुरू, परत एसटीत बसला की बंद. घरात माणूस नाही तर गोळी कशाला खायची? आम्हाला यात काही चूक वाटायची नाही. ज्यांना विचारायचं त्यांनी हसून पुढचीला बोलावलं होतं. मग आम्ही एकमेकींना विचारायचो. शेजारच्या सुमनवहिनींनी मला त्यांच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या दिल्या. “आठवडाभर खा. पुरे झाल्या.”

माझी सासू, तिला आम्ही आये म्हणायचो, तिचं तर म्हणणं त्याही नकोत. “अगो, प्वार अंगावं पितंय तवर काय व्हत नाय. मला काय झाला?” आयेला सात झाली होती. पण तिच्यापुढे हा हिशोब मांडायची माझी छाती नव्हती.

गणपतीच्या सुट्टीत हे आले. तोवर पोर पेज खायला लागली होती, रात्रीची सलग झोपत होती, दूध दिवसातून दोनतीनदाच. बाळंतपणानंतर पाळी काही आली नव्हती. त्यामुळे मी निर्धास्त. पाळी यायच्या आधीसुद्धा दिवस जाऊ शकतात, दुधाचा भरवसा पहिले सहा महिनेच, तोही बाळ रात्रंदिवस नुसतं अंगावर असेल आणि पाळी आली नसेल तर, हे मला फार उशिरा कळलं. सांगायला दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी त्या बाईंकडे ती दोन मिनिटं होती. ती त्यांनी माझ्यावर हसण्यात घालवली.

दिवाळीत मला उलट्या सुरू झाल्या.

आयेने त्याच दिवशी पोरीचं दूध तोडलं. पोटुश्या बाईचं दूध बाळाला बाधतं, असं तिला तिच्या सासूने सांगितलेलं. तेही खरं नव्हतं म्हणे. तिने कडू किराईत वाटलं आणि माझ्या छातीला लावलं. संघमित्रा सवयीने आली, तोंड लावलं, आणि थांबली. रडली नाही लगेच. आधी माझ्याकडे बघितलं. आठ महिन्यांचं पोर, पण तिने मला विचारलंच ते. ते बघणं मी कुठल्या पंगतीत सांगू?

यांना मुंबईला फोन केला. हे म्हणाले, “आता नको. पोर लहान हाय, तुझ्या अंगात रक्त नाय. थांबू थोडे दिवस. नंतर दुसरा होईलच की.” मलाही तेच हवं होतं. आम्हाला थांबायचं होतं. कायमचं संपवायचं नव्हतं.

पोट पाडायला पुन्हा तोच दवाखाना. पुन्हा गाव, पुन्हा वाडी. मला टेबलावर घेतलं, भूल दिली. शुद्धीवर आले तेव्हा नर्स म्हणाली, “झालं मोकळं. आता काळजी नाही तुला.” मला वाटलं, बाई मायाळू आहे, धीर देतेय. मी तिला थँक्यू म्हटलं.

संघमित्रा शाळेत जायला लागल्यावर आम्ही दुसऱ्याची वाट बघू लागलो. एप्रिल गेला, मे गेला. गणपती गेले. पुन्हा एप्रिल. माझ्या पोटाची चिंता सगळ्या वाडीला होती, पण आत डोकावून कुणी बघितलं नाही. देवरूखच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. आयेने पाला उकळून दिला. नंतर ती पाला द्यायची थांबली आणि बोलायला लागली. “एकावरच आटली आमची सून.” मी त्याचीही गोष्ट केली. आटलेली म्हैस म्हणून स्वतःची नक्कल करायचे. आये स्वतःच हसायची.

हे हसायचे नाहीत. एका मे महिन्यात पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होतो. हे एकदम म्हणाले, “खोट माझ्यातच हाय. दिवसभर रंगाच्या वाफेत उभा असतो मी. त्यानंच झाला असणार.”

मी म्हटलं, “तसं असतं तर पोर निळं-हिरवं झालं असतं.”

तेव्हा मात्र हसले. पण पुढच्या सुट्टीत आले ते मुंबईच्या कुठल्या डॉक्टरची बाटली घेऊन, स्वतःसाठी. कडू होती. नाक दाबून प्यायचे. बाटली संपली की दुसरी आणायचे.

संघमित्रा दहावीला असताना कारखान्यातच छातीत दुखून गेले. गावी आणलं तेव्हा त्यांच्या बॅगेत अर्धी बाटली होती.

त्यानंतर दोनएक वर्षांनी माझं ओटीपोट दुखायला लागलं. अंगावरून जायचं थांबेना. रत्नागिरीत खाजगी डॉक्टरकडे सोनोग्राफी केली. त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं, “तांबी कधी बसवलीत?”

“कसली तांबी?”

“मूल होऊ नये म्हणून पिशवीत बसवतात ती. तुमच्या आत आहे. जुनी दिसतेय. दोरा वर गेलाय.”

मी म्हटलं, “डॉक्टर, दुसऱ्या कुणाचा फोटो लागलाय तो.” खरंच असं म्हणाले. विनोद करायची खोड, मरताना पण जायची नाही.

त्यांनी ती काढली. स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. एवढीशी. काळी पडलेली, आडव्या दोन हातांची. भूल दिली होती त्या दिवशी, दिवाळीनंतर, माझ्या आत घातलेली. विचारलं नाही. नंतर सांगितलंही नाही. मागायला गेले तेव्हा हसून हाकललं. मागितलं नाही तेव्हा आत घालून मोकळे झाले. आपलं भलं कशात आहे हे या बाईला काय कळणार, वाडी ऐकली ना तिची?

मी त्या ट्रेकडे बघत बसले. मला पहिल्यांदा दुसरं मूल आठवलं नाही. ती अर्धी बाटली आठवली. नाक दाबून प्यायचे हे. खोट माझ्यात हाय म्हणत गेले. त्यांच्यात खोट नव्हती हो. माझ्यातही नव्हती. हे त्यांना सांगायचं होतं मला, आणि सांगायला माणूस नव्हता.

पुढे एका लग्नात जेवणं झाल्यावर पोरं जमली. “काकी, डॉक्टरणीची सांग.” मी सुरू केली. नाकात आवाज काढला, “मग गोळ्या कुणासाठी गं?” सगळे हसले. मी हसले नाही. मग पुढचं सगळं सांगितलं, किराईतापासून ट्रेपर्यंत. कुणी उठलं नाही. सुमनवहिनी कोपऱ्यात पदराने तोंड दाबून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “माझी पण अशीच काढली गं. मी कुणाला बोलले नाय.” भिंतीला भिंत लागून राहणारी बाई. इतकी वर्षं.

ती गोष्ट त्या दिवशी मोडली. परत मी ती हसवायला सांगितली नाही.

मागच्या वर्षी संघमित्रा बाळंत झाली. त्याच दवाखान्यात, दुसरी सोय कुठे आहे? आता सोबतीला एका बाईला आत घेतात. मुलगी झाली, नाळ कापली, पोर छातीशी दिली. संघमित्राचे डोळे मिटत होते. नर्स हातमोजे बदलत म्हणाली, “लगेच तांबी पण बसवून टाकते. वाडीवरच्या बायका परत फिरकत नाहीत तुमच्या.”

“थांबा,” मी म्हटलं.

“काय झालं आजी?”

आजी झाल्यावर मला पहिली हाक मारणारी बाई ती, आणि तीही अशा वेळी.

“तिला विचारलंत?”

“अहो, तिच्या भल्यासाठीच ना?”

“माझंही भलं इथंच केलं होतं. भूल देऊन. हात लावायच्या आधी तिला विचारा. ती दमलीय, तर उद्या विचारा. डॉक्टरांना बोलवा. तोवर मी इथून हलत नाही.”

आवाज चढला होता माझा. बाहेरचा बाक ऐकत असणार. ऐकू दे.

तरुण डॉक्टर आली, आधी वैतागलेली. संघमित्राने पडल्यापडल्याच एकेक विचारलं. दुधावर परिणाम कशाचा होतो? कुठल्या गोळ्या आत्ता चालत नाहीत? तांबी काढली की लगेच दिवस राहू शकतात का? डॉक्टरला खुर्ची ओढून बसावं लागलं. सगळं ऐकून संघमित्रा म्हणाली, “आज नको. दीड महिन्याने येते. ठरवून येते.”

दीड महिन्याने मी बरोबर गेले. तिने ठरवलं होतं. तांबी.

मी म्हटलं, “अगं, तीच?”

“आई,” ती म्हणाली, “तुझ्यात त्यांनी घातली. मी बसवून घेतेय. काढायची कधी, तेही मीच सांगणार.”

तिची पोर माझ्या मांडीवर झोपली होती. आत दार लागलं. मी त्याच बाकावर बसून रडले. हसवणारी बाई आहे मी, पण त्या दिवशी नाही जमलं.

आता वाडीतली कुठलीही बाळंतीण दवाखान्यात निघाली की मी पिशवी घेते आणि तिच्याबरोबर निघते. मला कुणी बोलवत नाही, मी जाते. बाकावर तिच्या शेजारी बसते. कोणी फिसकन हसलं तर वळून बघते, हसू संपेपर्यंत. तिचा नंबर लागला की तिच्याबरोबर आत जाते. ती विचारते. तिचा आवाज अडला तर मी विचारते. आणि टेबलापलीकडून मान वर न करता कुणी विचारलंच, “वाडी कुठली?”, तर माझं एकच उत्तर ठरलेलं आहे.

आधी हिला उत्तर द्या. वाडी नंतर सांगते.