न वाळलेलं तळं

जाहीर नोटीस! महाड शहर, पोलादपूर तालुका आणि सवच्या गरम कुंडात पाय शेकत बसलेली तमाम जनता यांस कळवण्यात येतं, की माझ्या बैठकीच्या खोलीतलं तळं अद्याप वाळलेलं नाही. कोणाची हरकत असल्यास... हरकत घेणारा माणूस एकच होता, नथूकाका. दीड महिन्यापूर्वी, रविवारी सकाळी, मी त्यांच्या चहाचं आधण ठेवलं आणि त्यांच्या पुतण्याचा फोन आला. काका गेले. आधण तसंच उकळत राहिलं.

नथूकाका आमच्या बाजारपेठेतले पेंटर. दुकानांच्या पाट्या, बिरवाडीच्या ट्रकांमागचे मोर, सगळे त्यांच्या हातचे. मग फ्लेक्स आले आणि काकांकडे कुणी फिरकेना. मी कोर्टात टायपिंग करते. पन्नाशीला तैलरंगांची हौस आली, तशी मी त्यांच्या दारात उभी राहिले. तळं आणि डोंगर काढायचेत, मी म्हणाले, आणि नमुना म्हणून पाच त्रिकोण काढून मधे सूर्य बसवला. काकांनी मला सरळ गच्चीत नेलं. "यातला एक तरी डोंगर त्रिकोणी दाखव, मी ब्रश सोडतो!" समोर पोलादपूरकडचे डोंगर होते, सपाट माथ्यांचे, मागे मागे निळे होत विरत गेलेले. "लांबच्यात पांढरा न् निळा. हिरवा जवळच्यासाठी राखून ठेव." पाण्याला ब्रश आधी वरून खाली ओढायचा, मग आडवा, अगदी हलका. "गुदगुल्या कर गो तळ्याला, खरवडू नको!"

पुढचं काम घरी करायचं होतं. "रंगात चार थेंब तेल घाल," एवढं सांगून काकांनी मला घरी धाडलं. जवसाच्या तेलाची बाटली रिकामी. आता कोकणातल्या बाईला तेल म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? मी डोक्याचं खोबरेल घातलं. चार थेंब कसले, चांगलं पळीभर! तळं असं चकाकलं की काका खूश. "वाळलं की फ्रेम मी स्वतः करणार." खोबरेल कधीच वाळत नाही, हे मला नंतर कळलं. पण सांगू कशी? असल्या शिष्येला त्यांनी हाकलून दिलं असतं तर? कोर्टात रोज लोकांच्या शपथा टाइप करणारी मी, मूग गिळून बसले.

दोन वर्षं दर रविवारी काका यायचे, तळ्याच्या काठावर अंगठा दाबायचे, गंभीर चेहऱ्याने "ओलं हाय" म्हणायचे, अंगठा डोक्याला पुसायचे आणि चहा मागायचे. पांढऱ्या केसांत कानामागे कायम एक निळी छटा. माझ्या तळ्याच्या काठाने त्यांचे अंगठे ओळीने उमटलेत, कुणी पाणी प्यायला येऊन गेल्याच्या पावलांसारखे.

मागच्या रविवारी काकी आल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या, बोट लावलं आणि ते बराच वेळ बघत राहिल्या. मला राहवलं नाही. खोबरेलाचा सगळा गुन्हा कबूल केला. काकांना फसवलं, म्हणून रडलेही. काकींनी आधी डोळे पुसले, मग त्यांना हसू आवरेना.

"अगो येडे, पयल्याच रविवारी घरी येऊन डोकं माझ्या नाकाखाली धरलं न् म्हनाले, वास घे... ह्ये तळं काय जन्मात वाळत नाय, आपला चहा पक्का!"